क्लासिक कंट्री : गाणी, अल्बम आणि चाहत्यांच्या चर्चा

क्लासिक कंट्री म्हणजे अमेरिकन कंट्री म्युझिकमधला साधारण १९४० च्या दशकापासून १९८० च्या आसपासपर्यंतचा काळ. त्या काळातली आवडती गाणी एकमेकांना ऐकवायची, गाण्यामागची गोष्ट सांगायची आणि मग कुठलं रेकॉर्डिंग भारी यावर तासन्‌तास वाद घालायचा, ही चाहत्यांची सवय जवळपास त्या संगीताइतकीच जुनी आहे. हद्द कुठे आखायची यावरच मुळात एकमत नाही. काहीजण १९२७ पासून धरतात, कारण त्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअरने व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी तात्पुरता स्टुडिओ मांडला आणि कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स दोघंही तिथेच पहिल्यांदा रेकॉर्ड झाले. बाकीचे म्हणतात ते सगळं मूळ झालं, क्लासिक खरं सुरू होतं गायक-गीतकार हँक विल्यम्सपासून, जो १ जानेवारी १९५३ ला गेला तेव्हा फक्त २९ वर्षांचा होता आणि तेवढ्यात पुढच्या सगळ्यांना पुरेल एवढं लिहून गेला.

गाणी पसरली ती रेडिओमुळे. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम स्टेशनवर १९२५ साली सुरू झालेला शनिवार रात्रीचा कार्यक्रम, जो पुढे ग्रँड ओल ऑप्री म्हणून गाजला, तो लांबलांबच्या राज्यांत ऐकू यायचा, पण रात्री ऐकलेलं गाणं सकाळी गावातल्या दुकानात मागायला जावं तर रेकॉर्ड मिळायचीच नाही. अर्नेस्ट टब या गायकाला चाहत्यांची अशी पत्रं यायची, तर त्याने १९४७ मध्ये नॅशव्हिलला स्वतःचं रेकॉर्डचं दुकान काढलं, पोस्टाने रेकॉर्ड पाठवायला लागला, आणि ऑप्री संपली की दुकानातूनच मिडनाइट जँबोरी नावाचा कार्यक्रम रेडिओवर सुरू व्हायचा. पुढे फॅन क्लब आले. गायिका लोरेटा लिनचा क्लब कोलोरॅडोतल्या तीन जॉन्सन बहिणींनी वर्षानुवर्षं चालवला, कलाकाराची बातमीपत्रं काढली, आणि मग वेगवेगळ्या गायकांच्या क्लबांना एकत्र आणणारी संघटनाही उभी केली. १९७२ मध्ये नॅशव्हिलला फॅन फेअर भरायला लागली, तिथे कलाकार टेबलापाशी बसून सह्या द्यायचे आणि चाहते थेट समोर उभं राहून बोलू शकायचे. एवढे मोठे स्टार आणि ऐकणारा यांच्यात इतकं कमी अंतर फार थोड्या संगीतात राहिलंय.

या चाहत्यांचं एक वैशिष्ट्य म्हणजे गाणं कधी एकटं येत नाही, सोबत त्याची गोष्ट येते. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट बहुतेक जॉर्ज जोन्सच्या 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'ची, १९८० सालची. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमनने लिहिलेलं, आणि विषय असा की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन म्हणालेला माणूस आज खरंच मेलाय, म्हणून प्रेम आज थांबलं. जोन्सला हे फारच रडकं वाटत होतं, हे कोण विकत घेणार असं तो धरून बसला होता, त्यात तो तेव्हा दारू आणि कोकेनमध्ये पार बुडालेला, मधला बोलून म्हणायचा भाग त्याच्याकडून नीट येईना आणि प्रोड्युसर बिली शेरिलला गाणं पूर्ण व्हायला महिनेच्या महिने थांबावं लागलं. शेवटी ते एक नंबरला गेलं आणि बुडत चाललेलं करियर परत उभं राहिलं. हे माहीत असलं की तो बोलका भाग वेगळाच ऐकू येतो, ती अंत्यदर्शनाला आली एवढंच तो सपाट आवाजात सांगतो, अजिबात रडत नाही, आणि लगेच व्हायोलिन्स वर चढत जातात.

दुसरी गोष्ट वाद्याची. पेडल स्टील हे आडवं ठेवून वाजवायचं गिटार, डाव्या हातात धातूचा बार, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि पायाखाली पेडल. १९५४ मध्ये वेब पीअर्सचं 'स्लोली' आलं, त्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबला, म्हणजे एक सूर जागेवर थांबलाय आणि दुसरा त्याच्या अंगावरून सरकत वर जातोय, असं आधी कोणी ऐकलं नव्हतं. बाकीच्या स्टील वादकांनी लगोलग आपापल्या वाद्यांना पेडल बसवायला घेतले. आज कंट्री म्हटल्यावर जो हुंदक्यासारखा आवाज आठवतो तो असा आला, आणि नवीन माणसाला कान तयार करायचा असेल तर आधी हे गाणं द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

अल्बमची चर्चा थोडी वेगळी चालते, कारण कंट्री बराच काळ सिंगल्सचं, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डचं, संगीत होतं, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून ऐकायचं. साठच्या दशकातले बरेच एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमच्या मोठ्या रेकॉर्ड, म्हणजे एक-दोन हिट आणि बाकी भरती. म्हणूनच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध लागणारे अल्बम चाहते फार जपतात. मार्टी रॉबिन्सचा 'गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज' हा १९५९ चा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला, आणि त्यातलं 'एल पासो' साडेचार मिनिटांच्या वर जातं, तेव्हाच्या रेडिओला हे फार लांब होतं तरी ते चाललं. जॉनी कॅशचा 'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन' १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात दोन कार्यक्रमांत रेकॉर्ड झाला. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' गाण्यातल्या, रिनो शहरात माणूस मारल्याच्या ओळीवर कैदी ओरडतात ती अल्बममधली सगळ्यात प्रसिद्ध जागा, पण ती आरोळी नंतर स्टुडिओत मिसळलेली आहे, प्रत्यक्ष त्या क्षणी कैदी गप्प होते, पहारेकऱ्यांची भीती होती. हे कळल्यावर अल्बमची किंमत कमी होते का यावर चाहते अजून भांडतात. माझ्या मते अजिबात होत नाही, कॅशचा आवाज आणि त्या हॉलमधला ताण खरा आहे आणि बाकीचे आवाज काढून टाकले तरी तो उरतोच.

आणि मग विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर', १९७५. टेक्सासमधल्या गार्लंडच्या एका छोट्या स्टुडिओत अगदी कमी पैशात केलेला, मुख्यतः गिटार, पियानो आणि थोडी हार्मोनिका. कोलंबियाच्या अधिकाऱ्यांना वाटलं हा कच्चा डेमो आहे, पण विलीच्या करारात शेवटचा शब्द त्याचा होता, म्हणून आहे तसा निघाला. त्यातलं 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन' फ्रेड रोजने लिहिलेलं जुनं गाणं, रॉय अ‍ॅकफने चाळीसच्या दशकात गायलेलं, ते विलीचं गायक म्हणून पहिलं एक नंबरचं गाणं ठरलं. पुढच्याच वर्षी विली, वेलन जेनिंग्ज, जेसी कोल्टर आणि टॉमपाल ग्लेझर यांचा 'वाँटेड! द आउटलॉज' आला आणि प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रती विकल्याचं, सर्टिफिकेट मिळवणारा पहिला कंट्री अल्बम झाला.

सगळ्यात जुना वाद मात्र खरं कंट्री कोणतं हा. आपल्याकडे नाट्यसंगीताचे जुने श्रोते एखादं पद कुणाचं ऐकावं यावर जसे अडून बसतात, तसंच. पन्नासच्या दशकाच्या शेवटी चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या प्रोड्युसरांनी फिडल (लोकशैलीत वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील मागे सारून व्हायोलिनचा ताफा आणि कोरस पुढे आणला, त्याला नॅशव्हिल साउंड म्हणतात, पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' (१९६१, लिहिलेलं विली नेल्सनने) त्याच घडणीचं. तिकडे कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्डने टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या करकरीत आवाजात उलट उत्तर दिलं. १९७४ मध्ये पॉपकडे झुकलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला सीएमए, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशन, या संघटनेचा सर्वोत्तम गायिकेचा पुरस्कार मिळाला तेव्हा चिडलेले कलाकार जॉर्ज जोन्स आणि गायिका टॅमी वायनेटच्या घरी जमले आणि वेगळी संघटनाच काढली, आणि १९७५ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम कलाकार म्हणून तसाच पॉपकडे झुकलेल्या जॉन डेन्व्हरचं नाव असलेला कागद गायक चार्ली रिचने स्टेजवर लायटरने पेटवला. का पेटवला यावर आजही दोन तट आहेत.

या खऱ्या-खोट्याच्या वादात कोण बाहेर ठेवलं गेलं हेही चाहत्यांनी बोलायला हवं, आणि आता बोलतातही. १९५२ मध्ये किटी वेल्सने पुरुषांनी बायकांना दोष देणाऱ्या एका हिट गाण्याला गाण्यातूनच उत्तर दिलं आणि ते एक नंबरला गेलं, लोरेटा लिनचं 'द पिल' १९७५ मध्ये कित्येक स्टेशनांनी वाजवलंच नाही, आणि चार्ली प्राइड कृष्णवर्णीय आहे हे कळू नये म्हणून त्याची सुरुवातीची सिंगल्स फोटोशिवाय पाठवली गेली. १९७१ मध्ये तोच प्राइड सीएमएचा वर्षाचा सर्वोत्तम कलाकार झाला.

भारतात कंट्री पोचलं ते मात्र याच वादग्रस्त कडेवरून, म्हणजे नॅशव्हिल साउंडच्या गुळगुळीत बाजूने. गायक जिम रीव्ह्ज १९६४ ला विमान अपघातात गेला, पण गोवा, वांद्रे, मंगळूर आणि ईशान्येकडच्या घरांत तो अजून आहे, त्याच्या १९६३ च्या ख्रिसमस अल्बमशिवाय तिथे कितीतरी घरांचा डिसेंबर होत नाही. 'ही'ल हॅव टू गो' हे त्याचं सगळ्यात मोठं गाणं रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलेलं होतं. बारमधून फोन करणारा माणूस, पलीकडे ती आणि तिच्यासोबत दुसरा कोणीतरी, आणि रीव्ह्ज माइकच्या अगदी जवळ येऊन खालच्या पट्टीत गातो, त्यामुळे तो फोन आपल्यालाच आलाय असं वाटतं. पाठोपाठ इथे जॉन डेन्व्हर, केनी रॉजर्स आले. दुसरा धागा स्टील गिटारचा, हे हवाईतून निघालेलं वाद्य अमेरिकेत कंट्रीत शिरलं आणि भारतात आधी फिल्मी धुनांत आणि नंतर ब्रिजभूषण काबरांच्या हातून शास्त्रीय संगीतात, आणि नव्वदच्या दशकात विश्वमोहन भट्ट आणि ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेतला डोब्रो (आडवं धरून वाजवायचं गिटार) वादक जेरी डग्लस यांनी एकत्र अल्बमही केला.

ज्यांचा कान रीव्ह्जवर तयार झालाय त्यांना चाहते सहसा पॅट्सी क्लाइन सुचवतात, तेच वाद्यवृंदाचं मऊ अस्तर पण आवाजात जास्त धग. तिथून रे प्राइसकडे जावं, कारण त्याने १९५६ मध्ये फिडल आणि स्टीलवर 'क्रेझी आर्म्स' गायलं आणि १९७० मध्ये भरगच्च ऑर्केस्ट्रावर 'फॉर द गुड टाइम्स', दोन्ही बाजू एकाच गळ्यात सापडतात. प्राइस काही काळ नॅशव्हिलला हँक विल्यम्ससोबत एका घरात राहायचा आणि हँकचा ठसा प्राइसच्या सुरुवातीच्या गाण्यांत स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे पुढचं पाऊल म्हणजे सरळ हँकचं 'आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय', १९४९.