दहा रुपये भाडं आणि मतदार यादी

मुंबईत मताचा हक्क आला तो हिशोब मागण्यातून. 1865 च्या कायद्याने शहराचा कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती गेला. रस्ते, गटारं, मंडई अशी कामं भराभर झाली. आजची महात्मा फुले मंडई त्याच काळातली. पण तिजोरी आटली आणि बोजा करदात्यांवर आला. आयुक्तांवर देखरेख ठेवणारे ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे शहरातले प्रतिष्ठित नागरिक होते, पण तेही सरकारने नेमलेलेच. 1871 मध्ये करदाते उठले. त्या वेळी तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी मांडलेला मुद्दा सगळ्यांना रुचला नाही, तरी मला तो आजही पटतो. आयुक्ताचे हात बांधून काही होणार नाही, त्याला जाब विचारणारी माणसं लोकांनी निवडलेली हवीत, असं त्यांचं म्हणणं होतं. 1872 च्या कायद्याने महापालिकेच्या 64 सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचं ठरलं. पुढे 1888 चा अधिनियम आला. पालिका अजून त्यावरच चालते.

हे ‘लोक’ म्हणजे मात्र मूठभर कर भरणारे. गिरणीत राबणारा, गोदीत ओझी उचलणारा, रस्ते झाडणारा त्यात नव्हता. 1922 मध्ये भाडेकरूंना मत मिळालं, पण महिना किमान दहा रुपये भाडं भरणाऱ्यांनाच. परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीचं भाडं बहुतेक ठिकाणी त्याहून कमी होतं. एकेका खोलीत दहा-दहा माणसं राहायची, आणि भाडं कमी म्हणून त्यातल्या एकालाही मत नाही. ज्यांच्या नळाला पाणी नाही त्यांनाच पाण्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

या दाराला धक्का दिला तो याच शहरातल्या एका प्राध्यापकाने. सिडनहॅम कॉलेजात शिकवणारे भीमराव आंबेडकर 27 जानेवारी 1919 ला, मताधिकार कोणाला द्यायचा हे तपासणाऱ्या साउथबरो समितीपुढे उभे राहिले. अस्पृश्यांकडे मालमत्ता नाही ती त्यांना मिळवूच दिली नाही म्हणून, तेव्हा मालमत्तेच्या मापाने मत द्याल तर ते कायम बाहेरच राहतील, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनातून त्यांनी स्त्री-पुरुष सर्वांना प्रौढ मताधिकार मागितला. महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली ती 1948 मध्ये. म्हणजे 1872 पासून 76 वर्षं.

हक्क मिळाला तरी नाव यादीत लागतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 28 लाख बायकांची नावं गळली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. ही मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली गोष्ट, पण वाचताना मला आमच्या आजीच आठवतात.

मुंबईत नाव गळतं ते घर बदलताना. चाळ पुनर्विकासाला जाते, माणसं संक्रमण शिबिरात, नाहीतर भाड्याने विरार-डोंबिवलीला. आमच्या मजल्यावरचे तिघे मतदानाच्या दिवशी जुन्या केंद्रावर गेले आणि यादीत नाव नाही म्हणून परतले. एका काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मतदार ओळखपत्र हातात होतं, पण कार्ड असलं तरी यादीत नाव असतंच असं नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मताने काय होतं, हे मुंबईने 1967 मध्ये दाखवलं. तीनदा महापौर झालेले, केंद्रात मंत्री असलेले, शहरावर ज्यांचं राज्य चालतं असं म्हणत ते स. का. पाटील दक्षिण मुंबईत हरले. हरवणारे जॉर्ज फर्नांडिस हे टॅक्सीवाल्यांचे, पालिका कामगारांचे पुढारी.

आणि मत द्यायलाच न मिळाल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलं. 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. मधे जवळपास चार वर्षं प्रशासक. गटार तुंबलं तर विचारायला नगरसेवकच नाही! क्रॉफर्डच्या काळासारखीच ती अवस्था, आयुक्त होता पण लोकांनी निवडलेला जाब विचारणारा नव्हता.

महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात, तीही एका ठरलेल्या तारखेची. या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली. त्यानंतर जागे झालेले राहून गेले. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला 18 वर्षं पूर्ण होतात त्यानुसार नाव घालता येतं. नव्या नावाला नमुना 6, पत्ता बदलला तर नमुना 8. फुटपाथवर राहणाऱ्यालाही नाव घालता येतं. तो तिथेच झोपतो का, हे बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री जाऊन पाहायचं असतं. आमच्या संक्रमण शिबिरात येत्या रविवारी मी दोन्ही नमुने घेऊन खाली बसणार आहे, आणि पहिला अर्ज त्या काकूंचा भरायचा आहे.