शिकलगारांच्या सतारी आणि संस्थानिकांची चित्रे : सातारा-सांगलीच्या कलांची पार्श्वभूमी

कलांचा परिचय करून देताना पाठ्यपुस्तके वास्तू, शिल्प, चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य असे कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात साहित्य, तंत्र व शैली यांची माहिती भरतात. परीक्षेला ही मांडणी सोयीची आहे. कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना ती लावू गेले की मात्र कप्पे टिकत नाहीत. येथे सतार घडवणारा मूळचा शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारा निघतो, रामायणाची चित्रे काढणारा राजा असतो आणि पहिले मराठी नाटक उभे करणाऱ्याच्या हाती लाकूड कोरण्याची हत्यारेही दिसतात. या सरमिसळीचे कारण कलाशास्त्रापेक्षा राजकीय इतिहासात अधिक सापडते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. छत्रपतींचे सातारचे राज्य कसेबसे राहिले, पण १८४८ मध्ये इंग्रजांनी तेही खालसा केले. त्याच टापूतील औंध, फलटण, सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. कोणती कला कोणत्या गावी वाढली हे पाहिले तर दरबार कोठे उरला होता याच्याशी त्याचा मेळ बराचसा बसतो, आणि जेथे बसत नाही तेथे त्या कलेला दरबाराची गरजच नव्हती असे आढळते.

सर्वांत जुने साहित्य अर्थात दगडाचे. हा सगळा मुलूख लाव्हारसाच्या थरांनी बनलेला असल्याने हाताशी होता तो काळा बेसॉल्ट. कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरातील बौद्ध लेणी त्यातच खोदलेली आहेत. हा दगड टिकाऊ असला तरी छिन्नीला सहज वश होत नाही. कर्नाटकातील मऊ दगडावर मूर्तिकारांना जी दागिन्यांची बारीक नक्षी साधली, ती येथे फारशी दिसत नाही आणि ती शोधूही नये. येथील सौंदर्य सांध्यांत आहे. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधणीत चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत अडकवून भिंत आणि शिखर उभे केले जाई. फलटणचे जबरेश्वराचे देऊळ पाहताना नजर मूर्तींइतकीच या जोडणीवर ठेवावी. पुढच्या काळातील उत्तम नमुना म्हणजे साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटेची विहीर. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. अष्टकोनी तोंडाची ही विहीर वरून शिवलिंगाच्या आकाराची दिसते, आत चक्क महालाची रचना आहे, आणि एकाच वेळी बारा मोटा चालवून शेतीला पाणी काढण्याची सोय आहे. वास्तू, शिल्प आणि पाटबंधारे यांतले नेमके कोणते खाते हिला द्यावे, असा प्रश्न पडतो.

अठराव्या शतकात पेशव्यांच्या सरदारांकडे पैसा आला तशी चित्रकला भिंतीवर आली. वाई परिसरात तिचे अवशेष आहेत. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा हे त्यांतले प्रसिद्ध ठिकाण. या भित्तिचित्रांची रीत साधी होती. चुन्याचा गिलावा घोटून गुळगुळीत करायचा, तो वाळला की बाह्यरेषा आखायची आणि डिंकासारख्या चिकट पदार्थात खललेले रंग भरायचे. तांबड्यासाठी गेरू आणि हिंगूळ, पिवळ्यासाठी पेवडी, काळ्यासाठी काजळी. असा रंग लावताक्षणी वाळू लागतो, त्यामुळे एका छटेतून दुसरीत हळूहळू जाण्याला वाव राहत नाही. म्हणून ही चित्रे सपाट रंगांची, ठसठशीत रेषेची आणि सावलीविरहित आहेत. चित्रकाराला छायाप्रकाश कळत नव्हता, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. त्याच्या साहित्याची ती मर्यादा होती आणि तीच त्याची शैली झाली. १८१८ नंतर वाडे राहिले, पण नवी भिंत रंगवून घेणारा यजमान दुर्मिळ झाला.

यानंतर चित्रकलेचा धागा जुळतो तो थेट औंधात. खटाव तालुक्यातील या लहानशा संस्थानाचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव घराघरांत पोहोचले, त्यामुळे त्यांची चित्रकला थोडी झाकली गेली. त्यांनी चितारलेले चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले ते त्यांच्या सूचनेवरून आणि त्यांनी देऊ केलेल्या 1 लाख रुपयांच्या बळावर, आणि त्या आवृत्तीत चित्रे असावीत हा त्यांचा आग्रह होता. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. तेही औंधास येऊन अनेक वर्षे राहिले.

बाळासाहेबांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. माध्यम बदलले की शैली कशी बदलते, हे एका फेरीत समजून घ्यायचे असेल तर या दोन जिल्ह्यांत त्याहून चांगली जागा नाही. एका बाजूला कागदावरील लघुचित्रे आहेत : जलरंग, बारीक कुंचला, हातात धरून जवळून पाहण्याचा आकार. दुसऱ्या बाजूला राजा रविवर्मा यांच्यासारख्यांची तैलचित्रे आहेत. तेलात खललेला रंग कॅनव्हासवर कितीतरी काळ ओला राहतो. त्यामुळे त्वचेवरचा उजेड, रेशमी पदराची चमक आणि दागिन्याखालची सावली एकमेकांत विरघळवता येते. द्रौपदी-दमयंती अगदी शेजारघरच्या बायकांसारख्या खऱ्या दिसू लागल्या त्या या तेलामुळे, आणि भिंतीवरच्या जुन्या सपाट देवता लोकांना एकाएकी गावठी वाटू लागल्या त्याही त्यामुळेच. या गर्दीत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. त्यात नाकडोळे रेखण्याचा सोस नाही. दगडाचा दगडपणा राखून आकार काढलेला आहे. रविवर्म्याच्या नायिकेवरून नजर काढून या मूर्तीवर ठेवणे पहिल्या भेटीत जड जाते, हे कबूल केले पाहिजे.

नाटकाची गोष्ट सांगलीची, आणि तीही दरबारातूनच सुरू होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मेळ्याचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तसे काही मराठीत करावे असे आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना सुचवले आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभे राहिले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच प्रयोगाच्या स्मरणार्थ पाळला जातो. आज आपण ज्याला नाटक म्हणतो त्याच्याशी त्या खेळाचे साम्य बेताचेच होते. पदे सूत्रधाराने गायची, मागे साथ धरायची, आणि पात्रांनी त्या पदाच्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषण करायचे, असा तो बाज होता. बांधीव संवादांची लिखित संहिता नटाच्या हातात नव्हती. भावे लाकडी बाहुल्याही घडवीत. त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळात आणल्या.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आश्रय आटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगावचा रस्ता धरला आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात १८४३ चे कौतुक फार होते. प्रस्तुत लेखकाच्या मते १८५३ चे महत्त्व त्याहून उणे नाही. कारण राजासाठी केलेला खेळ आणि पैसे मोजून बसलेल्या अनोळखी प्रेक्षकासाठी केलेला खेळ, यांची भाषा, लांबी आणि विनोद सारखे राहूच शकत नाहीत. संगीत नाटक याच प्रेक्षकावर पोसले. त्याचे मोठे नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीलगतच्या हरिपूरचे, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. बालविवाहाच्या, विशेषतः जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नावरचे देवलांचे 'शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा पौराणिक राजाराण्यांच्या जागी सामान्य घरातली मुलगी उभी राहिली होती.

तमाशाला दरबार लागला नाही. त्याचा यजमान म्हणजे जत्रा. ढोलकी, तुणतुणे, हलगी आणि झांज एवढ्या साहित्यावर, उघड्या माळावर आणि टेंभ्यांच्या उजेडात तो उभा राही. गण, गवळण, बतावणी आणि वग हा त्याचा क्रम रात्रभर जाग्या राहणाऱ्या समुदायासाठी बेतलेला आहे : आधी देवाला नमन, मग राधा-मावशीची थट्टा, मग सोंगाड्याची हजरजबाबी, आणि गर्दी स्थिरावली की मोठी गोष्ट. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जातीची चौकट ओलांडून फडात उतरले आणि पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) झाले. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून लोकनाट्य घडवले आणि ते कामगारांच्या सभेत नेले. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे, कवलापूरची काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी, ही नावे अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. आरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रेत धनगरांचे गजीनृत्य होते तेही असेच. ढोल आणि कैताळाच्या ठेक्यावर पांढऱ्या झग्यातील माणसांचे रिंगण फिरते, आणि बघे व नाचणारे यांच्यातली रेघ पुसट असते. याच धनगरांच्या मेंढ्यांची लोकर सणगर जातीचे विणकर मागावर विणून, वर चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी करीत. तिला कला म्हणावे की कारागिरी, हा वाद विणणाऱ्याने कधी घातला नाही.

राहिली मिरज. पेशवाई गेल्यावर तलवारी, भाले आणि कट्यारी यांचे काम ओसरले आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचे हात रिकामे झाले. दुसरीकडे मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गवई येत होते, मीरासाहेबांच्या दर्ग्यामुळे गावात गाण्याचा राबता होता, आणि त्यांची वाद्ये बिघडली तर दुरुस्तीला जवळपास कोणी नव्हते. सुमारे १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी आधी दुरुस्ती आणि मग नवे वाद्य घडवणे सुरू केले. शिकलगाराचे आडनावच पुढे सतारमेकर झाले, गल्लीलाही तेच नाव पडले.

तंबोऱ्याचा जन्म मिरजेत होत असला तरी त्याचे पोट सोलापूर जिल्ह्यातून येते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भोपळ्याची खास लागवड होते. हा भोपळा खाण्याचा नव्हे, कडू. कडू असल्याने किडीला तो तितकासा रुचत नाही. वेलावर पूर्ण पिकलेला आणि मग चांगला वाळलेला भोपळा कापून, भिजवून, आत काटक्यांचे आडवे टेकू देऊन त्याचे तोंड हवे तेवढे फाकवतात आणि पुन्हा वाळवतात. त्यावर तुनीच्या लाकडाचा गळा, पोकळ दांडी आणि तबली, म्हणजे तोंडावरची पातळ लाकडी फळी, बसते. भोपळा आणि लाकूड यांचा सांधा झाकण्यासाठी कोरलेली पाने लावतात. म्हणजे जी नक्षी आपल्याला शोभेची वाटते ती मुळात सांध्याच्या मजबुतीची सोय आहे. पूर्वी पांढऱ्या कामाला हस्तिदंत लागे, आता सेल्युलॉइड वापरतात. पुरुषी आवाजासाठी मोठा तंबोरा, बायकी आवाजासाठी त्याहून लहान, अशी मापे ठरलेली आहेत.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले तेव्हा या कारागिरीला असा कान लाभला की ज्याला तंबोऱ्यातला केसाएवढा फरक खपत नसे. ते स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात निष्णात होते. सुराला सावकाश, आतून उलगडत नेण्याची त्यांची गायकी आणि मिरजेचा भरीव, दीर्घ घुमणारा तंबोरा ही एकमेकांच्या सहवासात वाढलेली भावंडे आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. त्यांची समाधी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी तेथेच, चिंचेखाली, गवयांची हजेरी लागते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाईल. पण तंबोऱ्यातले सर्वांत अवघड काम मापात सांगता येत नाही. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला किंचित बाक असतो. तार छेडली की ती त्या बाकावर पुन्हा पुन्हा टेकते आणि त्यातून स्वराच्या पोटातले स्वर मोकळे होतात. हीच जवारी. कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतो, तार चढवतो, छेडतो, मान तिरपी करून ऐकतो, तार उतरवतो आणि पुन्हा कानस घेतो. मग तार आणि घोडी यांच्या मध्ये सुती दोरा सरकवतो आणि तो नखाने पुढे-मागे ढकलत राहतो. बराच वेळ तार नुसती ठणठणते. दोरा तसूभर, किंवा त्याहूनही कमी, सरकतो आणि त्याच तारेतून एकदम गंधार, म्हणजे तारेच्या मूळ स्वराहून वेगळाच स्वर, ऐकू येऊ लागतो. तेथे तो हात काढून घेतो आणि पुढची तार चढवायला घेतो.