शेतात माती द्यायची तर आधी विहीर बघा

आमच्या सोलापूरकडं कुणी गेलं की लोक "माती कधी हाय" असंच विचारतात, मग दहन असो नाहीतर दफन. आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून समाधी देतात. आजी लिंगैक्य झाली, म्हणजे वारली, तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणं शेतात विहिरीजवळच्या लिंबाखाली खड्डा काढायला घेतला. मे महिना होता, काळी माती इतकी भेगाळलेली की हात कोपरापर्यंत आत जायचा, आणि चार फुटांखाली मुरूम लागल्यावर टिकाव खणखण वाजायला लागला. तेवढ्यात बोअरच्या धंद्यातले आमचे काका म्हणाले, "अरं थांबा, मुरमात पाणी गाळून येत नाही, पळतं." म्हणजे खड्ड्यातलं पाणी न गाळताच विहिरीत उतरायची भीती.

तेव्हापासून मी यावर बरंच वाचलंय. माणूस गेल्यावर पेशींमधले पाचक रस त्याच पेशी तोडायला लागतात, मग आतड्यातले जिवाणू आणि नंतर मातीतले जिवाणू, बुरशी कामाला लागतात. हवा आणि बेताची ओल असेल तर काम भराभर होतं, खोलात हवा कमी म्हणून तिथं सावकाश. आपली काळी माती यात मोठी विचित्र, पावसाळ्यात फुगते आणि हवा बंद करते, अशा गच्च ओलीत शरीरातल्या चरबीचा मेणासारखा पांढरट थर बनतो आणि तो वर्षानुवर्षं टिकू शकतो, उलट उन्हाळ्यात भेगा पडतात म्हणून खड्डा उथळ ठेवूनही चालत नाही, वास येतो आणि कुत्री उकरतात. आमच्यात मीठ घालतात, ते शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि जिवाणूंना रोखतं, म्हणजे दुर्गंधी कमी पण मातीत मिसळायलाही उशीर. पोतंच्या पोतं ओतायची खरंच गरज नाही असं मला वाटतं, मीठ शेवटी पावसाबरोबर खालीच जातं.

इंग्लंडात कार्लाइलला 1993 साली नैसर्गिक दफनभूमी सुरू झाली, रसायन नाही, सिमेंट नाही, वर झाड. आपल्याकडं मुस्लिम समाज साध्या सुती कफनात दफन करतो ते याच्या किती जवळचं आहे बघा.

आता विहिरीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998 च्या अहवालात पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 250 मीटर आणि इतर झरे-ओढ्यांपासून 30 मीटर अंतर सांगितलंय. एक हेक्टरचं चौरस शेत घेतलं तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 141 मीटरच भरतात! म्हणजे अडीच एकरवाल्याला स्वतःच्या रानात हे अंतर बसतच नाही आणि शेजाऱ्याची विहीर तर अजून धरलेलीच नाही.

कायद्याचं म्हणाल तर शहरात घराच्या आवारात दफन हा विषयच सोडा, महापालिकांच्या 1949 च्या कायद्यानं आयुक्तांच्या परवानगीशिवाय नवीन जागा वापरता येत नाही. गावात आधी ग्रामपंचायतीत विचारा, आणि सातबारावर जितकी नावं तितक्यांची संमती लेखी घ्या, नाहीतर वाटणीच्या वेळी समाधीवरून भांडणं होतात. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा कागद घ्या आणि 21 दिवसांत नोंद करा, जागा कुठलीही असो हे टळत नाही.

स्वतःच्या जमिनीत दफनाचा हक्क आहे का, यावर 27 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. प्रकरण छत्तीसगडच्या बस्तरमधलं, एका ख्रिस्ती पाद्रींच्या दफनाचं, त्यांच्या मुलानं कोर्टात नेलेलं. न्या. नागरत्ना म्हणाल्या खासगी जमिनीत करू द्या, न्या. शर्मा म्हणाले नेमलेल्या जागेतच, आणि मृतदेह 7 जानेवारीपासून शवागारात पडून होता म्हणून शेवटी 20-25 किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती द्यायला सांगितलं. वीस दिवस बापाची माती अडकून राहणं, वाचतानाच पोटात कालवलं. म्हणून सांगतो, जागेचं बोलणं माणूस चालता-बोलता असतानाच करून ठेवा, त्यात अशुभ काही नाही.

आम्ही त्या दिवशी टेप लावला तर विहीर अकरा मीटरवर भरली. त्याच विहिरीचं पाणी आख्खी वस्ती पिते. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले गावच्या दफनभूमीत नेऊया. विधी करायला आलेल्या जंगमस्वामींनीही, म्हणजे आमच्या लिंगायतांच्या गुरूंनीही, मान डोलावली. लिंबाखालचा खड्डा बुजवला आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर तिथं बेलाचं रोप लावलं.