एअर बेडवर गोधडी टाकली की झालं!

मागच्या मे महिन्यात मामींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणायच्या आधीच मामा नागपूरच्या धंतोलीतून एअर बेड, म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी, घेऊन आले, आणि आम्ही शहाण्यांनी त्यावर आधी गोधडी, मग रबराची शीट, मग चादर असे थर चढवले. चौथ्या दिवशी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. सिस्टरने बोटाने दाबून पाहिला, लाली पांढरी होईना, म्हणजे बेडसोरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी.

होतं काय, आतून हाड आणि बाहेरून गादी, मधलं मांस चेपतं, बारीक रक्तवाहिन्या बंद. या बारीक वाहिनीतला, केशवाहिनीतला दाब 32 मिलिमीटर पारा, बाहेरचा दाब त्याहून वाढला की ती बंद, असं सगळीकडे सांगतात, पण तो आकडा लँडिस नावाच्या संशोधकाने 1930 मध्ये नखाजवळ मोजलेला, निरोगी माणसांचा, म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला तोच लावून बसू नका. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ, म्हणून चांगला फोम शरीराला आत घेतो आणि वजन जास्त जागेवर पसरवतो. एअर बेडची गंमत वेगळी, त्याच्या नळ्या आळीपाळीने फुगतात-बसतात, म्हणजे प्रत्येक जागेला थोड्या थोड्या वेळाने सुट्टी. आता त्यावर गोधडी टाकली तर ती सुट्टी चामडीपर्यंत पोचेल कशी?

पेशंट स्वतः कूस बदलत असेल तर चांगल्या फोमवर भागू शकतं, अजिबात हलत नसेल तर एअर बेडचा विचार करा, पण डॉक्टरांना विचारून. मधे भोक असलेली ट्यूब मात्र नकोच, तिच्या कडेनेच रक्तपुरवठा अडतो.

सिस्टरने एक युक्ती शिकवली. मामी पडलेल्या असताना तळहात वर करून हात एअर बेडखाली, बरोबर कमरेखाली सरकवायचा. वर इंचभर तरी हवा लागली पाहिजे. आमच्या हाताला थेट हाड लागलं, कारण पंपाचं बटण मामींच्या वजनाप्रमाणे लावलंच नव्हतं. म्हणून काय फुल्ल टाइट नका करू हो, मग तो पाटच.

नागपूरचा उन्हाळा तर विचारूच नका, रबराच्या शीटवर घाम साचतो, ओली चामडी लवकर सोलते. आता एकच सुती चादर, टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पिंडऱ्यांखाली उशी, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं चालूच, एअर बेड असला तरी. लाइट गेली की मामा आधी पंपाची प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डात लावतात, कूलर नंतर.