घडीचा चाकू आणि ग्राइंडर: धार का टिकत नाही

आमच्याकडून खिशातला छोटा चाकू नेलेल्यांसाठी, आणि दुसरीकडून घेऊन धारेला आमच्याकडे येणाऱ्यांसाठीही

"नवा होता तेव्हा कागद सरसर कापत होता, आता धार टिकंनाच झालीय." काउंटरवर हे वाक्य सारखं ऐकू येतं. पातं उघडून उजेडात तिरकं धरलं की बहुतेक वेळा कारण समोर दिसतं. धारेच्या कडेनं टोकापर्यंत निळसर-जांभळी पट्टी गेलेली असते, आणि दोन्ही बाजूंना जाड आडवे ओरखडे असतात. म्हणजे चाकू ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर पाजलेला आहे. बेळगावात ग्राइंडर शोधायला लांब जावं लागत नाही. उद्यमबागेत शेडगणिक एक आहे, गावात वेल्डिंगच्या दुकानात आहे, गॅरेजमध्ये आहे. ओळखीचा माणूस "आण इकडं, दोन मिनिटांत देतो" म्हणतो आणि खरोखर दोन मिनिटांत देतो. चाकू त्या दिवशी छान कापतो. आठवडाभरात बोथट होतो, पुन्हा चाकावर जातो, आणि असं तीन-चार वेळा झाल्यावर आमच्याकडे येतो.

त्या दोन मिनिटांत काय होतं ते नीट समजून घ्या. कार्बन पोलादाचं पातं साधारण ८०० अंश सेल्सिअसला लाल करून तेलात बुडवतात, म्हणजे त्याला पाणी देतात. त्यानं पातं काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करतात. चाकूचा कडकपणा हा त्या दुसऱ्या तापवण्यावर ठरलेला असतो. पुढे कधीही पातं त्याहून जास्त तापलं की ते तेवढं मऊ पडतं. २२० अंशांच्या पुढे पोलादावर गवती पिवळा रंग येतो, ३००च्या जवळ निळा. धार निळी दिसली म्हणजे तिथलं पाणी उतरलं. मऊ पडलेल्या पोलादाला धार येते, पण दोन लिंबं आणि एक सुतळी कापली की ती एका अंगाला वळते.

पात्याची पाठ दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, धारेजवळ अर्धा मिलिमीटरही नसते. चाक मिनिटाला २,८००च्या आसपास फेरे घेतं. एवढ्या पातळ कडेतली उष्णता मागे जायला वाट मिळत नाही, ती जागेवरच साठते. म्हणून बोटाला पाठ गरम लागायच्या आत धार जळून गेलेली असते. "आम्ही मधे मधे पाण्यात बुडवतो" असंही बरेच जण सांगतात. निळा रंग येण्याआधी बुडवलं तर थोडा उपयोग आहे, पण तो क्षण डोळ्यांना पकडता येत नाही. रंग आल्यावर बुडवून कडकपणा परत येत नाही. स्टेनलेसच्या पात्यावर तर रंग उशिरा उमटतो, त्यामुळे नुकसान झालेलं दिसतही नाही.

धारेखेरीज चाक आणखी एक खोडी करून जातं, ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. पातं मिटल्यावर मुठीजवळचा जो छोटा चौकोनी उंचवटा आत पाठीच्या स्प्रिंगवर टेकतो, त्याला आम्ही टाच म्हणतो. मिटलेल्या चाकूत धार स्प्रिंगपासून केसभर वर अधांतरी राहते ती या टाचेमुळे. ग्राइंडरवर धार मुठीपर्यंत ओढताना टाच घासली जाते, पातं आत जास्त बसतं आणि मिटताना धार स्प्रिंगवर आपटते. प्रत्येक वेळी एकाच जागी. तुमच्या चाकूला मध्यावर कायम एकच खाच पडत असेल तर पातं मिटताना कान देऊन ऐका. नुसता 'टक्' आवाज आला तर टाच टेकली. 'टक्'मागे बारीक 'खर्' आलं तर धार टेकली.

याच्या उलटही होतं. धार फार खाल्ली गेली की टोक पाठीकडे सरकतं आणि मिटलेल्या मुठीतून बाहेर डोकावतं. असा चाकू खिशात ठेवू नका, बोट आणि खिसा दोन्ही फाटतात. तेव्हा मात्र टाच कानशीनं अगदी थोडी उतरवावी लागते, म्हणजे टोक आत जातं. दोन-तीन हलके हात मारायचे आणि दर वेळी मिटून पाहायचं. हे घरी करू नका, एक हात जास्त झाला की मागच्या परिच्छेदातलं दुखणं सुरू होतं.

आता आमच्या दराबद्दल, कारण यावरून रोज घासाघीस होते. साध्या बोथट चाकूला धार लावायचे आम्ही ६० रुपये घेतो, निळ्या पडलेल्या पात्याचे १८०. कारण निळा भाग पूर्ण काढल्याशिवाय खाली कडक पोलाद लागत नाही. ते एक ते दीड मिलिमीटर पोलाद पाण्यातल्या दगडावर हातानंच काढावं लागतं, चाकावर काढलं तर नवी धारही तशीच जळेल. त्याला तासभर जातो. म्हणून "उभ्या उभ्या करून द्या" म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी या म्हणतो. आमच्याकडून घेतलेल्या चाकूची पहिली धार मोफत आहे, पण पातं चाकावर गेलेलं नसेल तरच. हे बिलावरही छापलेलं आहे.

घरी धार लावायची असेल तर एकच दुहेरी दगड पुरतो, एका बाजूला ४०० नंबर, दुसऱ्या बाजूला १०००. तो दहा मिनिटं पाण्यात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा आणि ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. कोन २० अंशांच्या आसपास हवा. मोजायला साधन नको. वहीच्या कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडा, ४५ अंश झाले. पुन्हा दुमडा, साडेबावीस झाले. ती घडी दगडावर ठेवून पातं तिच्यापेक्षा किंचित आडवं धरा. पातं १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे ५ मिलिमीटर वर येते. एकदा हाताला हे कळलं की कागद लागत नाही.

आधी ४०० नंबरवर पातं एका बाजूनं मुठीपासून टोकापर्यंत ओढत राहा, जोर फक्त पात्याच्या वजनापेक्षा थोडा जास्त. दुसऱ्या बाजूला नख धारेकडून बाहेर हलकेच सरकवा. सगळ्या लांबीभर नख बारीक अडायला लागलं की बूर आला, म्हणजे घासलेलं पोलाद कडेवर बारीक वळून आलं. बूर येईपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथंच बिघडते, पाच हात इकडे पाच हात तिकडे करत अर्धा तास घासतात आणि धार मधेच गोल राहते. दोन्ही बाजूंनी बूर आल्यावर १००० नंबरवर तेच करा, शेवटी एकेक हात आलटून पालटून, आणि जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून पाहा. जिथं कागद फाटतो तिथं बूर शिल्लक आहे. हा दगड आमच्याकडे मिळतो, आणि चाकूसोबत घेणाऱ्याला बूर कसा ओळखायचा ते काउंटरवर करून दाखवतो.

सांधा अडकतो ही दुसरी तक्रार. थंडीत ती वाढते, आणि कारण खोबरेल. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, बेळगावच्या थंडीत सकाळी ते सांध्यात मेणासारखं बसतं. शेंगतेल, सूर्यफूल तेल गोठत नाही पण काही महिन्यांत चिकट होतं आणि खिशातली धूळ, तंबाखूची भुकटी धरून ठेवतं. निपाणीकडून येणाऱ्या चाकूंमध्ये हा तपकिरी गोंद आम्ही टाचणीनं खरवडून काढतो. शिलाई मशीनचं तेल वापरा, सांध्यावर एकच थेंब, दहा वेळा उघडमीट करा, बाहेर आलेलं पुसा. फळं कापायचा चाकू असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. खोबरेल पात्यावर चालतं, फणस कापताना तर लावाच, चीक चिकटत नाही. फक्त काम झाल्यावर पुसून काढा, सांध्यात जाऊ देऊ नका.

खानापूर, जांबोटी, चंदगडच्या बाजूला पावसाळ्यात कार्बन पोलाद रात्रीत तांबूस होतं. ओला चाकू मिटून ठेवू नका. उघडून पुसा, चुलीजवळ तासभर उघडा राहू द्या, कातडी म्यानात चार महिने ठेवूच नका. कैरी, चिंच, लिंबू कापल्यावर पातं करडं-काळपट होतं, तो रंग राहू द्या, त्यानं गंज कमी लागतो. तांबडा गंज मात्र ओल्या फडक्यावर बारीक राख घेऊन लगेच काढा. गंजाची एवढी काळजी नको असेल तर स्टेनलेस घ्या. पण धार लावायला कार्बन पोलाद जास्त सोपं जातं, आणि हातानं धार लावणाऱ्याला आम्ही तेच सुचवतो.

घडीच्या चाकूची काही कामं नाहीत. सुपारी अडकित्त्यानं कातरा. रंगाचा डबा स्क्रू ड्रायव्हरनं उघडा, मोडलेल्या टोकांचं सगळ्यात मोठं कारण तेच. ऊस सोलायला कोयता आहे. पोत्याची सुतळी कापायला हरकत नाही, पण तिच्यात माती असते आणि ती धार खाते, म्हणून मुठीजवळच्या भागानं कापा आणि टोकाकडची धार फळांसाठी राखा. आमच्या बिनलॉकच्या चाकूला नुसती स्प्रिंग असते, टोकावर दाब दिला की पातं बोटावर मिटू शकतं. भोसकायचं, टोचायचं काम असेल तर लॉकचा घ्या. खिशाला ६ ते ७ सेंटिमीटर पातं पुरतं, त्याहून मोठा घेतलेले बरेच जण तो शेवटी घरीच ठेवतात. सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नका, आत घेऊन जाऊ देत नाहीत. चेक-इनच्या सामानात टाका.

धारेला आणताना चाकू मिटून, रबर लावून आणा. आधी चाकावर गेला असेल तर तसं सांगा, लपवलं तरी पातं सांगतं, आणि आधी कळलं तर आमचा दगड फुकट झिजत नाही. चिठ्ठीवर तुम्ही मुख्यतः काय कापता ते लिहा: फळं, दोरी की लाकूड. त्यावरून कोन ठरवतो, लाकडाला २५ अंश, फळांना १८. चिठ्ठी मराठीत लिहा की कन्नडमध्ये, दोन्ही चालतं. हे माहितीपत्रकही कन्नडमध्ये काउंटरवर ठेवलेलं आहे.