मानसोपचारांचे दुष्परिणाम

बोलण्यातून केल्या जाणाऱ्या मानसोपचारांमुळे काही रुग्णांना होणारी हानी. मूळ लक्षणे बळावणे, नवीन लक्षणे उद्भवणे, उपचारकावाचून पाऊल न उचलता येणे, जवळची नाती अकारण तुटणे असे तिचे प्रकार सांगितले जातात. दुःखद आठवणींबद्दल बोलताना काही काळ त्रास वाढतो, पण तो उपचाराचाच भाग असू शकतो. त्याला हानी म्हणायचे की नाही, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन बर्गिन यांनी १९६६ साली या प्रश्नाकडे लक्ष वेधले. उपचार घेतलेल्यांत काही जण बरेच सुधारतात, तर काही जण आधीपेक्षा खालावतात. सरासरी काढली की हे खालावलेले लोक दिसेनासे होतात, असे त्यांचे म्हणणे होते.

चांगल्या हेतूने केलेली मदतही अंगलट येऊ शकते, याचे ठळक उदाहरण मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात सापडते. तेथे १९३९ पासून काही मुलांना अनेक वर्षे समुपदेशन, शिकवणी आणि इतर आधार देण्यात आला. हा निव्वळ मानसोपचार नव्हता, हे खरे. पण तुलनेसाठी तशाच मुलांचा मदत न दिलेला गट ठेवला होता, म्हणून त्याचे मोल मोठे. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मदत मिळालेल्यांची स्थिती मद्यासक्ती, गंभीर मनोविकार, वारंवार गुन्हे अशा अनेक बाबतींत दुसऱ्या गटापेक्षा वाईट निघाली. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांना मात्र प्रकल्पाचा आपल्याला फायदाच झाला असे वाटत होते. रुग्णाचे समाधान हा पुरावा किती तोकडा असतो, हे यावरून कळते.

अपघात वा आपत्तीनंतर लगेच पीडितांकडून घडलेला प्रसंग सविस्तर बोलून घेण्याची पद्धत १९८० नंतर जगभर रूढ झाली. भाजलेल्या रुग्णांवरील १९९७ च्या एका चाचणीत अशी एक बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना, तर न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना तेरा महिन्यांनी आघातोत्तर तणाव विकार (भयंकर प्रसंगाच्या आठवणींनी दीर्घकाळ छळणारा मनोविकार) आढळला. पुढे ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनीही अशी बैठक नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून घेऊ नये असे सांगितले.

इतके असूनही हा विषय दुर्लक्षित राहिला, आणि त्याची कारणे बरीचशी घरचीच आहेत. रुग्ण सुधारला तर श्रेय उपचाराला, बिघडला तर दोष आजाराला किंवा रुग्णाच्या ‘विरोधा’ला, म्हणजे बदलाला नकळत केलेल्या प्रतिकाराला. शिवाय बिघडलेला रुग्ण बहुधा यायचाच बंद होतो. २००५ च्या एका अभ्यासात साडेपाचशे रुग्णांपैकी कोण खालावेल, असे उपचारकांना विचारले असता त्यांनी तिघांकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात ४० जण खालावले. संशोधकही फार वेगळे वागलेले नाहीत. २०१४ साली मानसोपचारांच्या १३२ नियंत्रित (तुलनेसाठी दुसरा गट असलेल्या) चाचण्या तपासल्या, तेव्हा रुग्णांच्या हानीवर लक्ष ठेवल्याचा काहीतरी उल्लेख फक्त २८ चाचण्यांत सापडला. उपचारादरम्यानच्या अनिष्ट घटना आणि त्या नोंदवण्याची रीत, दोन्ही देणाऱ्या चाचण्या अवघ्या चार.

दीर्घकाळ टिकणारा वाईट परिणाम झाल्याचे इंग्लंड व वेल्समधील मोठ्या पाहणीत (२०१६) सुमारे पाच टक्के रुग्णांनी सांगितले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक भेटीआधी रुग्णाकडून छोटी प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत विकसित केली. अपेक्षित सुधारणा होत नसल्यास उपचारकाला इशारा मिळतो आणि अशा रुग्णांमधील घसरणीचे प्रमाण त्यामुळे कमी होते, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले.