‘खरं प्रेम असेल तर न सांगता मनातलं कळतं’: खुलासा

लग्नाला वीस वर्षं झाली की जोडीदाराच्या मनातलं न बोलता कळतं, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सहवासाने सवयी, आवडीनिवडी नक्कीच कळतात. मनातला नेमका अर्थ मात्र कळतोच असं नाही. कळल्याची खात्री तेवढी वाढते.

कारण साधं आहे. ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे, याचा अंदाज आपण स्वतःवरूनच बांधायला लागतो आणि मग तो दुरुस्त करतो. परक्यासमोर ही दुरुस्ती नीट होते, जवळच्या माणसासमोर राहून जाते. गावाहून आलेल्या पाहुण्याला आपण सांगतो, “दादरला मध्य रेल्वेच्या बाजूला, तिकीट खिडकीजवळ थांबा.” बायकोला नुसतं “दादरला भेट”. मग एकजण पश्चिमेला, एकजण पूर्वेला.

घरीच तपासा. “आज उशीर झाला?” अशी दहा वाक्यं घ्या, प्रत्येकाचे चार अर्थ लिहा: काळजी, राग, चौकशी, भूक लागलीय. एक अर्थ मनात धरून, कागदावर खूण करून वाक्य जोडीदाराला ऐकवा; चारातला कोणता अर्थ, ते जोडीदाराने ओळखायचं. किती ओळखले जातील, हा आकडा आधीच लिहून ठेवा. हे विसरू नका, नाहीतर नंतर अंदाज आपोआप बदलतो. नुसत्या नशिबानेही साधारण दोन-तीन जुळतात. नंतर तीच वाक्यं शेजाऱ्यांना ऐकवा आणि जोडीदाराने किती ओळखले, शेजाऱ्यांनी किती, हे दोन्ही आकडे ताडून पाहा.